दाबोळीची धावपट्टी



२०२५ च्या जून महिन्यात आपल्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याला जाणारे विमान सुरू झाले. त्या दिवसांत आमच्या कॉलेजात अभ्यासापेक्षा विमानाच्याच गप्पा अधिक. तिकीट किती, पोचायला वेळ किती, खिडकीतून काय काय दिसतं. मी वर्गात सहज म्हणून गेलो, "अरे, आपल्याकडून गोव्याला विमानं जाण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. १९६१ सालच्या डिसेंबरात एका दिवसात पुण्याहून वीस विमानं गोव्यावर गेली होती. पण ती उतरायला गेली नव्हती, उतरायची जागा मोडायला गेली होती."

वर्ग हसला. मंगळवेढ्याकडची एक मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "सर, गोवा तर आपलाच ना? मग आपण आपल्याच माणसांवर बॉम्ब टाकले का?"

तास संपत आला होता. मी दोन-चार वाक्यांत काहीतरी उत्तर दिले, आणि ते उत्तर लंगडे होते हे मला जिना उतरतानाच कळले. प्रश्न अगदी रास्त होता. जी भूमी आपली म्हणून सोडवायची, जिथे आपल्या आत्या-मावश्या नांदताहेत, जिथल्या मंगेशीला आणि शांतादुर्गेला आपल्याकडची कितीतरी कुळे आजही नवस फेडायला जातात, तिच्यावर आकाशातून हल्ला करायचा तो कसा? त्या दिवशी तो कसा केला गेला, कोणत्या बेताने केला गेला, आणि तो कितपत साधला, हे आज जरा सविस्तर सांगणार आहे.

मागची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १९४७ साली इंग्रज गेले, पण पोर्तुगीज जाईनात. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे म्हणणे असे की, गोवा ही वसाहत नव्हेच, तो पोर्तुगालचाच एक प्रांत आहे. १९५५ च्या मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीने सत्याग्रह केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र माणसे सरहद्दीवर गेली, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक सत्याग्रही जागच्या जागी मेले. त्यात आपल्या मराठी मुलखातली माणसे होती. भारत सरकारने मग सरहद्द बंद केली, व्यापार थांबवला, आगगाडी थांबवली.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढची सगळी हकीकत तिच्यावर उभी आहे. जमिनीची वाट बंद झाल्यावर पोर्तुगीजांनी आकाशाची वाट धरली. मुरगाव बंदराच्या जवळ दाबोळी नावाच्या गावी जांभ्याचे सपाट पठार आहे. तिथे त्यांनी विमानतळ केला आणि गोव्याची म्हणून एक विमान कंपनीही काढली. कराचीला, तिथून पुढे लिस्बनला विमाने जाऊ-येऊ लागली. म्हणजे दाबोळीची ती एक धावपट्टी हाच लिस्बनहून गोव्यात झटपट माणूस किंवा दारूगोळा आणण्याचा मार्ग होता. गोव्यात दुसरा विमानतळ नव्हता.

१९६१ च्या नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून 'साबरमती' या आपल्या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मच्छीमारांच्या एका होडीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात एक मच्छीमार मेला. चौदा वर्षे बोलण्यात गेली होती. दिल्लीत निर्णय झाला आणि फौजा बेळगावच्या बाजूला जमू लागल्या. त्या मोहिमेला नाव मिळाले 'ऑपरेशन विजय'. हवाई दलाची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती.

विमाने कुठून जाणार? दोन ठिकाणांहून. एक पुण्याचे लोहगाव आणि दुसरे बेळगावजवळचे सांबरे. ही दोन्ही विमानतळे इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेली. लोहगाव १९३९ चे, मुंबईच्या रक्षणासाठी. सांबरे १९४२ चे, ब्रह्मदेशच्या आघाडीला उपयोगी पडावे म्हणून. जर्मनी आणि जपान यांच्याशी लढण्यासाठी घातलेल्या धावपट्ट्यांवरून वीसेक वर्षांनी भारताची विमाने पोर्तुगीजांवर गेली. लोहगावाहून दाबोळी सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे त्या वेळच्या बॉम्बफेकी जेट विमानाला अर्ध्या तासाची वाट. सांबऱ्याहून पणजीजवळचे बांबोळी सुमारे नव्वद किलोमीटर. आपण सोलापुराहून तुळजापूरला जाऊन परत आलो तर तेवढेच होते.

हवाई दलाला हुकूम कोणते होते ते पाहा. दाबोळीची धावपट्टी निकामी करा, मात्र विमानतळाच्या इमारतीला आणि इतर सोयींना धक्का लावू नका. बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडा. दमण आणि दीव इथल्या विमानतळांचा उपयोग शत्रूला होऊ देऊ नका, पण परवानगीवाचून त्यांच्यावर हल्ला करू नका. आणि पुढे जाणाऱ्या पायदळाला लागेल ती मदत द्या. मला यातला पहिला हुकूम फार बोलका वाटतो. रस्ता मोडा, घर मोडू नका! ज्याला उद्या त्या घरात राहायचे आहे तोच असे सांगेल.

पण सांगणे सोपे आणि करणे अवघड. का अवघड, हे मी जरा खोलात जाऊन सांगतो. शिक्षकबंधूंनी हा भाग आठवी-नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवावा.

धावत्या एसटीतून बाहेर एखादा दगड सोडला तर तो सोडल्या जागी खाली पडत नाही. गाडीबरोबर तोही पुढे धावत असतो, म्हणून पडता पडता पुढे जातो. विमानातून टाकलेला बॉम्ब तसाच. समजा विमान तीन हजार मीटर उंचीवरून ताशी ७२० किलोमीटर वेगाने चालले आहे. ही त्या दिवसाची उंची आणि त्या दिवसाचा वेग म्हणून सांगत नाही, हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे घेतले आहेत. हा वेग म्हणजे सेकंदाला दोनशे मीटर. तीन हजार मीटर खाली यायला बॉम्बला पंचवीस सेकंद लागतात. हवेचा विरोध सोडून दिला तर तेवढ्या वेळात तो पाच किलोमीटर पुढे जातो. म्हणजे एखाद्या विहिरीत बॉम्ब पाडायचा असेल तर तो विहिरीच्या पाच किलोमीटर अलीकडेच सोडला पाहिजे. आणि सोडायला एक सेकंद उशीर झाला की तो दोनशे मीटर पलीकडे.

आता धावपट्टी किती रुंद असते? साधारण पंचेचाळीस मीटर. तितक्या उंचीवरून, पाच किलोमीटर अलीकडून तिच्याकडे पाहिले तर ती किती दिसेल? हात पुढे लांब करून लेंग्याची नाडी धरा. तेवढी! त्या नाडीवर बॉम्ब पडले पाहिजेत आणि नाडीच्या शेजारच्या इमारतीवर पडता कामा नयेत. वैमानिक धावपट्टीच्या लांबीच्या दिशेने येतो ते याचसाठी. तसे आल्यावर वेळ थोडी चुकली तरी बॉम्ब पुढे-मागे पडतो, पण पट्टीवरच पडतो. बाजूला वारा लागला किंवा नेम डावी-उजवीकडे सरला, की मग गेला तो मातीत.

यात आणखी एक मेख आहे आणि ती आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा चांगली समजेल. विहीर खणताना खडक लागला की सुरुंग लावतात. दारू खडकावर नुसती ठेवून पेटवली तर काय होतं? मोठा आवाज आणि धूळ. खडक जागच्या जागी. म्हणून आधी पहारीने किंवा ड्रिलने खोल भोक पाडायचे, दारू आत भरायची, वरून माती ठासायची आणि मग बत्ती द्यायची. तेव्हा खडक आतून फुटतो. धावपट्टीचे तसेच आहे. वर पडल्या पडल्या फुटणारा बॉम्ब तिला फक्त खरवडतो. तो आधी आत घुसला पाहिजे आणि क्षणभर थांबून मग फुटला पाहिजे. यासाठी बॉम्बला उशिरा पेटणारी कळ लावतात. मग खाली पोकळी होते, वरचा थर उचलला जातो आणि सभोवती भेगा जातात.

ठीक. १८ डिसेंबर १९६१, सोमवार. पहाटे पायदळ सरहद्द ओलांडत होते. सकाळी लोहगावाहून बारा कॅनबेरा विमाने निघाली. त्यांचे नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्याकडे होते. कॅनबेरा हे इंग्लंडात बनलेले दोन जेट इंजिनांचे बॉम्बफेकी विमान, आणि त्यात दोनच माणसे, एक वैमानिक आणि एक दिशा व नेम सांभाळणारा. (याच महिन्यात आपल्या हवाई दलाची दुसरी कॅनबेरा विमाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने आफ्रिकेत काँगोमध्ये लढत होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.) दाबोळीवर ती आली आणि काही मिनिटांत ६३,००० पौंडांचे बॉम्ब पडले. आजच्या मापात साडेअठ्ठावीस टन. मोठ्या तीन मालमोटारी पुरेशा भरतील इतके. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आणखी आठ कॅनबेरा आल्या आणि त्याच पट्टीवर पुन्हा बॉम्ब पडले.

वर येऊन त्यांना अडवणारे कोणी नव्हते. पोर्तुगीजांपाशी गोव्यात लढाऊ विमान एकही नव्हते. तेव्हा हा काही आकाशातला तुल्यबळ सामना नव्हता आणि तो तसा रंगवण्यात अर्थ नाही. परंतु विरोध नसला म्हणजे नेम आपोआप बसतो असेही नाही. धावपट्टी जबर मोडली. विमानतळाची इमारत शाबूत राहिली, दोन्ही खेपांना. पट्टीशेजारच्या फरसबंदीवर दोन मोठी प्रवासी विमाने उभी होती, एक चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन आणि दुसरे डीसी-४. तीही बचावली.

आणि इथेच गोष्टीला गाठ पडते. संध्याकाळ झाली. विमानतळावरच्या कामगारांनी धावपट्टीचा एक तुकडा घाईघाईने साफ केला, खड्डे भरले. रात्री त्या दोन्ही विमानांत काही अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना बसवले. कॉन्स्टेलेशनमधल्या जास्तीच्या खुर्च्या आणि इतर नको ते सामान काढून टाकले होते, वजन कमी व्हावे म्हणून. ते विमान अवघ्या सातशे मीटरांत वर उठले. उठता उठता पट्टीवरचे दगड-खडे उडून त्याच्या अंगाला पंचवीस भोके पडली, एक टायर बसला. मागोमाग दुसरे उठले. अंधारात, समुद्राला लागून, अगदी खालून उडत ती दोन्ही विमाने आपल्या पहारा करणाऱ्या विमानांना चुकवून बाराशे-तेराशे किलोमीटरवरच्या कराचीला पोचली.

साडेअठ्ठावीस टन बॉम्ब पडलेल्या धावपट्टीवरून त्याच रात्री विमाने उडाली! याला काय म्हणावे? कोणी म्हणेल, हल्ला फसला. मला तसे वाटत नाही, पण तो पूर्ण साधला असेही मी म्हणणार नाही. हिशेब करून पाहू. समजा धावपट्टी दोन हजार मीटर लांब आहे आणि विमानाला उडायला बाराशे मीटर लागतात. बरोबर मध्यावर बॉम्ब टाकला तर दोन्हीकडे हजार-हजार मीटर उरतील, म्हणजे काम झाले. पण विमान जर आठशे मीटरांत उडू शकले तर? मग दोन ठिकाणी तोडावी लागेल. सहाशेत उडू शकले तर तीन ठिकाणी. म्हणजे धावपट्टी किती तोडायची हे शेवटी समोरचा माणूस किती कमी जागेत उडायला तयार आहे, यावर ठरते. आणि खुर्च्या उपटून फेकणारा, टायर फुटला तरी न थांबणारा वैमानिक कागदावरच्या हिशेबात बसत नाही. बायकामुले घेऊन पळणाऱ्याची निकड काय असते ते कोणत्या तक्त्यात लिहायचे?

शिवाय धावपट्टी ही पुलासारखी नसते. पूल पडला की महिने लागतात. धावपट्टीचा खड्डा म्हणजे शेवटी खड्डाच. दगड, मुरूम, माती आणि पुष्कळ हात असले की तो भरतो. दहा वर्षांनी हेच आपल्या वाट्याला आले, उलट बाजूने. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानी विमानांनी कच्छमधल्या भूजची धावपट्टी फोडली. तिथले प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. त्यांनी शेजारच्या माधापर गावाला हाक घातली आणि तीनशे बायका कामाला आल्या. घमेली, फावडी आणि उघडे हात. वरून विमान आले की झुडपांत लपायचे, गेले की पुन्हा खड्ड्यात. ओली डागडुजी वरून दिसू नये म्हणून तिच्यावर शेण सारवले. ७२ तासांत पट्टी चालू झाली. ज्या बायकांनी रोजगार हमीवर रस्त्याची कामे केली आहेत त्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. सांगायचा मुद्दा, धावपट्टी मोडणे ही मुदतीची गोष्ट आहे. दाबोळीच्या बाबतीत मुदत दीड-दोन दिवसांचीच हवी होती. लिस्बनहून कुमक उतरू नये, एवढेच. ती उतरली नाही.

आता दुसऱ्या हल्ल्याकडे येतो. नभोवाणीवरून बोलणाऱ्याला तो अधिक जवळचा वाटावा हे साहजिक आहे, कारण तो नभोवाणीवरच झाला होता.

पणजीजवळ बांबोळीला पोर्तुगीजांचे बिनतारी केंद्र होते. गोव्याचा बाहेरच्या जगाशी असलेला बोलण्याचा दोर तो. सहा हंटर विमाने तिथे आली आणि अग्निबाण व तोफांचा मारा करून त्यांनी ते केंद्र बंद पाडले. मग लिस्बनशी बोलायचे कसे? मुरगावला 'अफोंसो द आल्बुकेर्क' नावाची एक जुनी पोर्तुगीज युद्धनौका उभी होती. तिच्यावरच्या यंत्रावरून संदेश जाऊ लागले. दुपारी आपल्या नौदलाने तिला गाठले आणि मार खाऊन ती किनाऱ्याच्या वाळूत रुतली. सकाळी जमिनीवरचा आवाज गेला, दुपारी पाण्यावरचा.

पण त्याच वेळी हवेत गोव्याचा आणखी एक आवाज होता. १९५५ च्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी सरहद्दीवरच्या जंगलात एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले होते. त्याचे नाव 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. आधी आपल्या सावंतवाडीच्या आंबोलीत, मग कॅसलरॉकच्या रानात. पाऊस, जळवा, साप, माणसाचा वारा नाही. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये बातम्या द्यायच्या, सालाझारच्या सरकारची खोटी विधाने खोडून काढायची, जगात कुठे कुठे वसाहती मोकळ्या होताहेत ते सांगायचे. सहा वर्षे हे चालले. पोर्तुगीजांनी तो आवाज दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण दबला नाही. लष्करी कारवाईच्या आधी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलला शरण येण्याचे जे आवाहन केले, तेही याच केंद्रावरून ऐकवले गेले. मला कधी कधी वाटते, गोव्यातल्या सामान्य माणसाला त्या डिसेंबरात आकाशातून येणाऱ्या विमानांची जी धास्ती वाटायला हवी होती, ती पुष्कळशी या सहा वर्षांच्या बोलण्याने आधीच कमी केलेली होती. विमाने कोणाची आहेत आणि कशासाठी येताहेत, हे त्याला माहीत होते.

दोन्ही हल्ले ऐकून कोणाला वाटेल की, सगळे कसे नेटके, रक्त न सांडता झाले. तसे नाही. गोव्याबाहेर, काठियावाडच्या टोकाला असलेल्या दीववर जामनगरहून आपली तुफानी विमाने गेली आणि तिथला हल्ला कडक होता. 'वेगा' नावाची एक छोटी पोर्तुगीज गस्ती नौका विमानांच्या गोळ्यांनी बुडाली आणि तिचा तरुण कप्तान तिच्यावरच मेला. अंजदीव बेटावर आपले सात नौसैनिक पडले. सगळी मोहीम मिळून भारताच्या बाजूची २२ माणसे गेली, पोर्तुगीज बाजूची सुमारे ३०. युद्धांच्या हिशेबात हा आकडा लहान म्हणतात. ज्याच्या घरात तार गेली असेल त्याला विचारा लहान का मोठा.

आता विमानांखाली, पणजी-मुरगावात काय चालले होते, ते सांगितल्याशिवाय त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. गव्हर्नर जनरल होते व्हासालो इ सिल्व्हा. त्यांना सालाझारचा संदेश आला होता १४ डिसेंबरला. शरणागती नाही, कैदी नाहीत, पोर्तुगीज सैनिक एकतर विजयी होतील नाहीतर मरतील, अशा अर्थाचा. शेवटच्या माणसापर्यंत लढा आणि जाताना गोव्यातल्या वास्तू उद्ध्वस्त करा, असाही हुकूम होता. म्हणजे पाहा, गोव्याच्या इमारती वाचवा असे सांगणारा हुकूम हल्ला करणाऱ्यांपाशी, आणि पाडा असे सांगणारा हुकूम रक्षण करणाऱ्यांपाशी! गव्हर्नरांपाशी सारे गोवा, दमण, दीव मिळून तीन-साडेतीन हजार नियमित सैनिक होते. त्यांनी काही पूल उडवले, वाट अडवली. पण शहरे जाळली नाहीत. १९ डिसेंबरच्या रात्री त्यांनी शरणागती पत्करली. मायदेशी गेल्यावर सालाझारच्या सरकारने त्यांना सैन्यातून बडतर्फ केले. १९७४ साली ती राजवट कोसळल्यावर त्यांचा मान परत मिळाला आणि १९८० साली ते गोव्याला पाहुणे म्हणून येऊनही गेले. आपल्याकडच्या पुस्तकांत त्यांचे नाव पराभूत म्हणून एका ओळीत येते. मी तरी त्यांना त्या एका ओळीत बसवणार नाही.

त्या मुलीला मी नंतर हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे सर, माणसांवर टाकले नाहीत, रस्त्यावर टाकले. पण माणूस मध्ये आला असता तर?" यावर मी काय बोलणार? तीन हजार मीटरवरून नाडीएवढ्या दिसणाऱ्या पट्टीवर माणूस दिसत नाही. ज्यांनी हुकूम लिहिला त्यांना हे माहीत होते, म्हणूनच त्यांनी जागा निवडून दिली. शहर नाही, बंदरातली वस्ती नाही, बाजार नाही. एक धावपट्टी आणि एक बिनतारी केंद्र. गोव्याबाबत त्यांच्या हातात होते तेवढे त्यांनी केले असे माझे मत आहे. दीवबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. तिला ते पटले की नाही ते तिने सांगितले नाही.

शरणागतीनंतर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांना विमानातून गोव्यावर नेण्यात आले. विमानाला ध्वनिवर्धक लावलेला. जंगलात सहा वर्षे लपून बोलणारी ती दोघे उघड्या आकाशातून, दोन तास, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये सांगत फिरली की गोवा मोकळा झाला. दिवसापूर्वीच ज्या आकाशातून कॅनबेरा आल्या होत्या, त्याच आकाशातून. पुढे त्या दोघांनी लग्न केले. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री मिळाली.

दाबोळीची धावपट्टी नीट करून १९६२ साली नौदलाच्या ताब्यात गेली आणि मग तिच्यावर प्रवासी विमानेही उतरू लागली. आपले सोलापूरचे विमान तिथे उतरत नाही, ते उत्तरेला मोपाच्या नव्या विमानतळावर जाते. कॅनबेरा विमाने आपल्या हवाई दलात २००७ सालापर्यंत होती.

शिक्षकबंधूंना जाता जाता एक सांगतो. शाळेच्या सहली गोव्याला जातात त्या समुद्रकिनारा आणि देवळे पाहून परततात. दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान-संग्रहालय आहे, तिथे गाडी तासभर थांबवा. उघड्यावर जी विमाने मांडली आहेत त्यात तीन शेपट्यांचे, चार पंख्यांचे जे दिसेल ते कॉन्स्टेलेशन. हे आपल्या नौदलाचे, त्याआधी एअर इंडियाचे. पण त्या रात्री फुटक्या पट्टीवरून उडालेले विमान याच जातीचे होते. मुलांना त्याच्या नाकापासून शेपटीपर्यंत पावलांनी मोजायला लावा. मग शाळेच्या मैदानावर सातशे मीटर मोजा, मैदान पुरणार नाही, गावाबाहेरच्या रस्त्यावर मोजा, आणि एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाकडे बघायला सांगा.